उच्च रक्तदाब आणि चिनी वनौषधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापूर, हाँगकाँग किंवा शांघाय येथे नोकरीनिमित्त राहणारी मुले सुट्टीत घरी येताना आईवडिलांसाठी चिनी चहाची किंवा गोळ्यांची पाकिटे आणतात, आणि मग बीपीची रोजची गोळी चालू ठेवायची की हे नवे औषध घ्यायचे, असा प्रश्न घरात उभा राहतो. पुढील उत्तरे प्रामुख्याने अशा वाचकांसाठी लिहिली आहेत. ती वाचून कोणीही आपले चालू औषध स्वतःहून बंद करू नये किंवा त्याची मात्रा बदलू नये.

चिनी वैद्यकाला उच्च रक्तदाब हा आजार पूर्वीपासून ठाऊक होता का?

या नावाने नव्हता, आणि असणे शक्यही नव्हते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी 1896 मध्ये तयार केले, आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे मोजण्याची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी 1905 मध्ये मांडली. त्याआधी जगातल्या कोणत्याही वैद्याला रुग्णाचा दाब 120 आहे की 180, हे सांगता येत नव्हते. जुन्या चिनी ग्रंथांत जे आहे ते भोवळ, डोकेदुखी, कानात आवाज येणे, चेहरा लाल होणे आणि चिडचिड या तक्रारींचे वर्णन आहे. ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथाने थरथर आणि भोवळ यांचा संबंध यकृताशी जोडला. हे ‘यकृत’ म्हणजे सोनोग्राफीत दिसणारा अवयव नव्हे, तर शरीरातील एका कार्यसमूहाला दिलेले ते नाव आहे. आपल्याकडचे ‘पित्त’ जसे पित्ताशयातल्या रसापुरते मर्यादित नाही, तसेच काहीसे हे आहे. मात्र ही तुलना याहून पुढे ताणू नये.

विसाव्या शतकात रक्तदाबयंत्र चीनमध्ये सर्वत्र पोहोचल्यावर तेथील वैद्यांनी या नव्या आजाराची सांगड जुन्या तक्रारींशी घातली. ‘उच्च रक्तदाबावरचे चिनी औषध’ ही संकल्पना त्यातून जन्माला आली, म्हणजे ती तुलनेने अलीकडची आहे.

मग चिनी वैद्य नेमके कशावर उपचार करतो?

तो आकड्यावर नव्हे, तर लक्षणसमूहावर उपचार करतो. जीभ पाहून, दोन्ही मनगटांवरील नाडी तपासून आणि झोप, भूक, तहान, शौच यांविषयी विचारून तो रुग्णाचा प्रकार ठरवतो. रक्तदाबाच्या रुग्णांत नेहमी आढळणारे प्रकार साधारणतः तीन आहेत. डोके दुखणे, चेहरा लाल होणे आणि राग येणे असे असेल तर ‘यकृतातील यांग (शरीरातील उष्ण, क्रियाशील बाजू) वर चढले आहे’ असे म्हणतात. शरीर स्थूल, डोके जड आणि जिभेवर जाड थर असेल तर ‘कफ आणि ओलावा’ हे निदान होते. वयस्कर रुग्णाला कंबरदुखी, डोळ्यांचा कोरडेपणा आणि झोप न लागणे असा त्रास असेल तर ‘यकृत व मूत्रपिंड यांच्या यिनची (थंड, पोषक बाजूची) उणीव’ मानली जाते. त्यामुळे दोघांचाही रक्तदाब 160/100 असला, तरी एकाला दिलेला काढा दुसऱ्याला वर्ज्य असू शकतो. शेजाऱ्याला लागू पडलेले पाकीट आपणही मागवावे, हा विचार खुद्द चिनी वैद्यकालाच मान्य नाही.

या पद्धतीची एक मोठी अडचण येथेच नोंदवायला हवी. उच्च रक्तदाबाचा त्रास बहुतेकांना जाणवतच नाही. ज्याला डोकेदुखी होती त्याची डोकेदुखी काढ्याने थांबली, झोप लागू लागली, चिडचिड कमी झाली, तर उपचार सफल झाला असे रुग्णाला वाटते आणि वैद्यालाही. त्याच वेळी दंडाला पट्टा बांधला तर आकडा पूर्वीइतकाच, 170 असू शकतो. मेंदूतली रक्तवाहिनी आणि मूत्रपिंडातली सूक्ष्म गाळणी यांच्यावर परिणाम होतो तो त्या आकड्याचा. बरे वाटणे ही चांगली गोष्ट आहे, पण रक्तदाबाच्या बाबतीत तो पुरावा नव्हे.

सर्वांत अधिक वापरला जाणारा काढा कोणता, आणि तो किती जुना आहे?

‘तियानमा गौतेंग यिन’ हे नाव सर्वाधिक ऐकू येते. पाकिटांवर त्याला हजारो वर्षांची परंपरा असल्याचे सूचित केलेले असते. प्रत्यक्षात हा योग (औषधी मिश्रण) हू ग्वांगत्सी या वैद्यांनी 1950 च्या दशकात मांडला, म्हणजे आपल्या आजोबांच्या हयातीत. त्यातले बरेच घटक मात्र खरोखरच जुने आहेत. एकूण घटक अकरा असून काढ्याला नाव देणारे दोन विशेष लक्षवेधी आहेत.

तियानमा हा एका ऑर्किडचा कंद आहे. या वनस्पतीला हिरवी पाने नसतात. ती स्वतःचे अन्न तयार करत नाही, तर जमिनीतल्या एका बुरशीकडून मिळवते, त्यामुळे तिची लागवड करताना आधी लाकडाच्या ओंडक्यांवर ती बुरशी वाढवावी लागते. युन्नान प्रांतातील झाओतोंगचा तियानमा विशेष नावाजलेला आहे. गौतेंग ही कदंबाच्या कुळातली वेल असून तिच्या पेरांवर गळासारखे बाकदार आकडे असतात, आणि औषधात ते आकडे असलेल्या फांद्याच वापरतात.

काढा करण्याची रीतही नेमकी आहे. सागरी गोगलगायीचा शिंपला कठीण असल्यामुळे तो सर्वांत आधी उकळत ठेवतात, तर गौतेंग अगदी शेवटी घालतात, कारण फार वेळ उकळल्यास त्यातील अल्कलॉइड ही क्रियाशील द्रव्ये नष्ट होतात आणि परिणाम घटतो. जुन्या अनुभवातून आलेली ही सूचना प्रयोगशाळेतील निरीक्षणांशीही जुळते. याच काढ्यातल्या दुझोंग नावाच्या सालीची ओळखही गमतीची आहे: साल मोडून दोन्ही तुकडे हळूहळू दूर नेले की मध्ये रबरासारखे पांढरे तंतू ताणले जातात. तंतू दिसले नाहीत तर माल खोटा, असे जाणकार ग्राहक समजतो.

त्याने रक्तदाब खरोखर कमी होतो का?

चिनी भाषेतील अनेक लहान अभ्यासांत ‘होय’ असे उत्तर दिलेले आढळते. त्यांतील बहुसंख्य अभ्यासांत काढा एकटा न देता नेहमीच्या गोळीसोबत दिलेला होता, आणि कोणत्या रुग्णाला काय मिळाले हे रुग्णापासून व डॉक्टरांपासून लपवलेले नव्हते. वैद्यकीय पुराव्यांची काटेकोर छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2012 मधील आढाव्यात या काढ्याविषयी निकषांत बसणारी एकही चाचणी सापडली नाही. याचा अर्थ काढा निरुपयोगी ठरला असा होत नाही. त्याच्या बाजूने भरवशाचे काही हाती नव्हते, इतकाच होतो.

पुढे चित्र थोडे सुधारले. पाइनच्या सुया, कुडझूचे मूळ आणि मोत्याच्या शिंपल्याचा थर यांपासून बनवलेल्या ‘सोंगलिंग श्वेमाइकांग’ या कॅप्सूलची लोसार्टन या नेहमीच्या गोळीशी तुलना करणारी चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सौम्य उच्च रक्तदाबाचे सहाशेहून अधिक रुग्ण होते, आणि आठ आठवड्यांत दोन्ही गटांत दाब कमी होण्याचे प्रमाण जवळपास सारखे राहिले. मला ही चाचणी दखल घेण्याजोगी वाटते. परंतु रक्तदाबाची गोळी आपण पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि मूत्रपिंडाचा ऱ्हास टाळण्यासाठी वर्षानुवर्षे घेतो, आणि आठ आठवड्यांची चाचणी त्याविषयी काहीच सांगू शकत नाही. अॅम्लोडिपिन किंवा लोसार्टन यांच्यामागे अनेक वर्षे पाठपुरावा केलेल्या मोठ्या चाचण्या आहेत. कोणत्याही चिनी काढ्यामागे त्या तोडीचे काही नाही.

शेवंतीचा चहा आणि ‘जुएमिंगझी’चा चहा रोज प्यायला हरकत आहे का?

बहुतेक निरोगी माणसांना शेवंतीच्या वाळलेल्या फुलांच्या चहाने अपाय होत नाही. ज्यांना शेवंती किंवा झेंडूच्या कुळातील फुलांची अॅलर्जी आहे, त्यांनी मात्र तो टाळावा. पेय म्हणून तो छान आहे, पण त्याच्या भरवशावर 160 चा दाब 130 वर येईल अशी अपेक्षा धरू नये.

जुएमिंगझी हे परके नाव ऐकून जे मागवले जाते ते मराठी माणसाच्या अंगणातलेच असू शकते. चिनी औषधकोशात या नावाखाली दोन सख्ख्या जातींच्या बिया येतात आणि त्यांपैकी एक म्हणजे आपला टाकळा. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोकणात ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते, त्याच टाकळ्याचे बी भाजून चीनमध्ये चहा करतात. त्यात रेचक द्रव्ये असतात, त्यामुळे पोट सैल होते. जुलाब चालू असताना आणि लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असताना तो रोज प्यायल्यास शरीरातील पाणी व पोटॅशियम कमी होण्याचा धोका आहे. गरोदरपणातही तो नको.

रक्तदाबावरच्या वनस्पतीचे आधुनिक औषध झाल्याचे एखादे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते चीनपेक्षा मुंबईच्या अधिक जवळचे आहे. मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबाच्या रुग्णांवरील परिणाम नोंदवणारा शोधनिबंध 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला, आणि जगाचे लक्ष या झुडपाकडे वेधले गेले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी त्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. चीनने याच गणातील आपल्या देशी जातीपासून ‘जियांग्यालिंग’ नावाच्या गोळ्या 1950 च्या दशकाच्या अखेरीस तयार केल्या. रेसर्पिन असलेली संयुक्त गोळी तेथे त्यानंतरही अनेक दशके वापरात राहिली.

या कथेचा दुसरा अर्धा भाग क्वचितच सांगितला जातो. रेसर्पिनमुळे नाक चोंदणे, नाडी मंद होणे आणि, विशेषतः जास्त मात्रेत, खोल उदासी असे परिणाम दिसू लागले, आणि अधिक सुरक्षित गोळ्या आल्यावर बहुतेक देशांत ते मागे पडले. वनस्पतीत दम आहे म्हटल्यावर तिचे दुष्परिणामही तितकेच खरे असतात.

पाकिटावर ‘वनौषधी’ लिहिले आहे. मग त्यात रासायनिक औषध नसणार ना?

असे गृहीत धरू नये. चीनमध्ये वनौषधी आणि आधुनिक औषध एकाच गोळीत घालण्याची अधिकृत परंपरा आहे. ‘झेनजू जियांग्या’ या गोळीच्या नावाचा अर्थ ‘मोती-शेवंती रक्तदाबनाशक’ असा होतो. त्यात रानशेवंतीचा अर्क आणि मोत्याच्या थराची पूड असतेच, पण क्लोनिडिन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड ही दोन आधुनिक औषधेही असतात. चिनी वेष्टणावर ती छापलेली असल्यामुळे तेथे फसवणूक होत नाही. चिनी न वाचणाऱ्याला मात्र आपण काय घेत आहोत याचा पत्ता लागत नाही. क्लोनिडिन अचानक बंद केले तर रक्तदाब उसळी घेतो, आणि ‘पाकीट संपले, पुढच्या फेरीत आणू’ असे म्हणणाऱ्या घरात नेमके हेच घडू शकते.

याखेरीज घटकांत न छापता आधुनिक औषधे मिसळलेली तथाकथित वनौषधी उत्पादने सिंगापूर आणि हाँगकाँगच्या औषध नियंत्रकांनीही वेळोवेळी पकडली आहेत. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या गोळीबद्दल आनंदापेक्षा संशय अधिक वाटायला हवा.

चिनी औषधांतील कोणत्या वनस्पती उलट रक्तदाब वाढवतात?

पहिले नाव ज्येष्ठमधाचे. चिनी भाषेत त्याला गानत्साओ म्हणतात, आणि काढ्यातील घटकांचा मेळ घालण्यासाठी ते असंख्य योगांत घातले जाते. त्यातील ग्लिसरायझिनमुळे मूत्रपिंडातील एका विकराचे (एन्झाइमचे) काम अडते, शरीर मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. परिणामी दाब वाढतो, पायांवर सूज येते, स्नायू दुबळे होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. लघवी वाढवणारी गोळी सोबत असेल तर पोटॅशियम दुहेरी घटते. घसा खवखवल्यावर ज्येष्ठमधाची काडी एखाद्या वेळी चघळणे वेगळे आणि रोज काढ्यातून ते घेत राहणे वेगळे. रक्तदाबाच्या रुग्णाने आपल्याकडचे खोकल्याचे काढेही याच नजरेने तपासावेत.

दुसरे नाव माहुआंग, म्हणजे इफेड्रा. सर्दी, दमा आणि वजन घटवण्याच्या चिनी योगांत ते आढळते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करून दाब वाढवते. अमेरिकेने 2004 मध्ये इफेड्रायुक्त पूरक उत्पादनांवर बंदी घातली.

मूत्रपिंड निकामी होण्याच्या बातम्या येतात, त्यांत तथ्य किती?

पूर्ण तथ्य आहे, आणि या संपूर्ण विषयातील सर्वांत गंभीर प्रकरण हेच आहे. फांगजी या नावाने चिनी बाजारात वेगवेगळ्या वनस्पतींची मुळे विकली जात. त्यांतील एकीत टेट्रांड्रिन नावाचे, रक्तवाहिन्या सैल करणारे द्रव्य असते आणि चीनमध्ये ते रक्तदाबासाठी वापरले गेले आहे. दुसरी, ग्वांग फांगजी, ही ईश्वरी या वेलीच्या गणातील असून तिच्यात अॅरिस्टोलोकिक आम्ल असते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधील वजन घटवण्याच्या उपचारात पहिलीच्या जागी दुसरी वापरली गेली. शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे बाधित झाली. अनेकांवर डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ आली, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. 1993 मध्ये हे वैद्यकीय जगापुढे आले.

‘यकृतातील अग्नी’ शमवण्यासाठी, आणि म्हणून रक्तदाबाच्या काही रुग्णांनाही, दिल्या जाणाऱ्या ‘लोंगदान श्येगान’ गोळ्यांतही अशाच आम्लाची ग्वान मुतोंग ही वेल वापरली जात असे. चीनने 2003 मध्ये तिचा वापर थांबवला. तरीही जुन्या साठ्यातील किंवा कोठे बनले याचा पत्ता नसलेले उत्पादन घेऊ नये. हे आम्ल उकळून जात नाही, चवीवरून ओळखू येत नाही आणि झालेली हानी भरून निघत नाही.

बीपीच्या गोळीबरोबर ही औषधे घेतली तर काय होऊ शकते?

एक शक्यता दाब प्रमाणाबाहेर उतरण्याची आहे. वयस्कर माणसाला पहाटे अंथरुणातून उठताना भोवळ येऊन खुब्याचे हाड मोडते, ते अशा वेळी. दुसरी आणि अधिक धोकादायक बाब रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची आहे. हृदयविकारासाठी प्रसिद्ध असलेले दानशेन हे मूळ वॉरफेरिनचा परिणाम वाढवते आणि रक्तस्राव होऊ शकतो. कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या रुग्णांनी ते कटाक्षाने टाळावे. गर्भवतींनी तर यांपैकी काहीच घेऊ नये. तियानमा गौतेंग यिनमधील यिमुत्साओ आणि न्युशी या वनस्पती गर्भाशयाला उत्तेजित करणाऱ्या मानल्या जातात, आणि गरोदरपणातील उच्च रक्तदाब हे रुग्णालयाचेच काम आहे.

ही औषधे शाकाहारी असतात का?

पुष्कळदा नसतात. ‘न्युहुआंग जियांग्या’ या गोळीच्या नावातील न्युहुआंग म्हणजे गुरांच्या पित्ताशयातील खडा. सायगा या हरणासारख्या प्राण्याचे शिंगही काही योगांत वापरतात, आणि त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. शिंपले आणि मोती तर सर्रास असतात.

झोपताना तळपायाला लेप लावल्याने दाब उतरतो म्हणतात, ते खरे का?

वू-झू-यू नावाच्या फळांची पूड व्हिनेगरमध्ये कालवून रात्री तळपायाच्या मध्यभागी बांधण्याचा हा चिनी घरगुती उपाय आहे. काशाच्या वाटीने तळपाय घासून घेणाऱ्यांना तो अजिबात परका वाटणार नाही. झोप चांगली लागली तर आनंदच आहे, मात्र त्वचेला आग झाल्यास लेप काढून टाकावा. गोळीची जागा तो घेऊ शकत नाही.

मलेरियावरच्या चिनी औषधाला नोबेल मिळाले, तरीही शंका का?

चिनी संशोधक तू योयो यांना 2015 मध्ये नोबेल मिळाले ते आर्टेमिसिनिनच्या शोधासाठी. जुन्या ग्रंथातील धागा धरून त्यांनी वनस्पतीतून नेमके द्रव्य वेगळे काढण्याची वाट शोधली, आणि मग ते प्राण्यांवर व रुग्णांवर तपासले गेले. तियानमा किंवा गौतेंग त्या वाटेने गेले तर त्यांचेही स्वागतच होईल. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये रोगांच्या वर्गीकरणात पारंपरिक निदानांचे प्रकरण घातले, त्याचाही दाखला दिला जातो. ती सोय नोंदी ठेवण्यासाठी आहे, कोणत्याही औषधाच्या गुणाचे ते प्रमाणपत्र नव्हे.

महाराष्ट्रात चिनी वनौषधी देणारा अधिकृत वैद्य मिळेल का?

आयुष मंत्रालयाखाली आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) आणि होमिओपॅथी येतात. चिनी वनौषधीशास्त्राचा त्यांत समावेश नाही. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, पण सुया टोचण्याची नोंदणी म्हणजे काढे देण्याचा परवाना नव्हे. सिंगापूरमध्ये चिनी वैद्यांची नोंदणी कायद्याने सक्तीची असल्यामुळे तेथे राहणाऱ्यांनी घ्यायचेच ठरवले तर नोंदणीकृत वैद्याकडेच जावे.

तरीही घ्यायचेच असेल तर कोणती काळजी घ्यावी?

आपल्या डॉक्टरांना पाकीट प्रत्यक्ष दाखवावे, आणि चिनी मजकुराचे भाषांतर मोबाइलवर करून घटकांची यादी सोबत न्यावी. सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), पोटॅशियम आणि यकृताच्या तपासण्या करून घ्याव्यात व काही आठवड्यांनी पुन्हा कराव्यात. घरी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून दाब मोजावा आणि वहीत लिहावा. काढ्याचा निवाडा त्या वहीवरून व्हावा. आकडा 180/120 च्या वर असून छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बोलणे अडखळत असेल किंवा एक बाजू लुळी पडत असेल, तर काढा आणि लेप बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

चीनकडून रक्तदाबासाठी घेण्याजोगे काहीच नाही का?

माझ्या मते आहे, पण ते औषधाच्या दुकानात नसून स्वयंपाकघरात आहे. चीनच्या ग्रामीण भागातील 600 गावांत सुमारे 21,000 लोकांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील लोकांना पूर्वी पक्षाघात होऊन गेलेला होता, किंवा ते साठीपुढचे असून त्यांना उच्च रक्तदाब होता. निम्म्या गावांत नेहमीच्या मिठाऐवजी तीन भाग सोडियम क्लोराइड आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले गेले, आणि जवळपास पाच वर्षांत त्या गावांतील पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी राहिले. लोणचे, पापड, खारवलेली मिरची आणि सुके मासे आवडीने खाणाऱ्या आपल्या घरांना हा निष्कर्ष तियानमापेक्षा अधिक उपयोगाचा आहे. असे मीठ भारतातही मिळते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच लोसार्टन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या, पोटॅशियम वाढवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.